रुग्णालयांची जलव्यवस्था आणि तज्जन्य संसर्गांचा प्रतिबंध

पिण्याच्या पाण्याचा नमुना जंतुपरीक्षेसाठी कसा घ्यावा, हे सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास अगदी आरंभीच शिकविले जाते. तोटीचे तोंड स्पिरिटच्या बोळ्याने तापवावे, नळ पूर्ण सोडून दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे आणि मगच निर्जंतुक बाटली धारेखाली धरावी, अशी ही रीत आहे. तिच्यात दोष काढण्याजोगे काही नाही. नगरपालिकेने पुरविलेले पाणी कसे आहे या प्रश्नाच्या उत्तरासाठी ती बसविलेली आहे, आणि तोटीला चिकटलेली घाण त्या उत्तरात मिसळू नये हाच तिचा हेतू होय. परंतु तोच नळ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात असला म्हणजे प्रश्न बदलतो. तेथील परिचारिका हात धुते किंवा अर्भकास पुसण्यासाठी पाणी घेते, ती तोटी तापवून अथवा दोन मिनिटे थांबून नव्हे. रुग्णाच्या वाट्यास येते ते पहिल्या धारेचे पाणी, आणि आपण परीक्षा करतो ती त्यानंतरच्या पाण्याची. रुग्णालयांतील जलजन्य संसर्गाचा पुष्कळसा इतिहास या दोन पाण्यांमधील अंतरात सामावलेला आहे.

पाण्याच्या शुद्धतेविषयीची आपली कल्पना पटकी आणि विषमज्वर यांच्याशी झालेल्या झगड्यातून घडली. हे रोग मलमूत्राने दूषित झालेल्या पाण्यावाटे पसरतात. म्हणून मलाची खूण पटविणारे कोलिफॉर्म जीवाणू पाण्यात आहेत की नाहीत, हे पाहणे ही कसोटी ठरली. भारतीय मानक ‘आयएस १०५००’ हेही मुख्यत्वे याच कसोटीवर उभे आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये, आणि मुक्त क्लोरीनचा अंश लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम असावा, असे ते सांगते. या कसोटीने लक्षावधी प्राण वाचविले आहेत. मात्र ज्या जीवाणूंचा येथे विचार करावयाचा आहे, ते मलातून येत नाहीत. लीजिओनेला, स्यूडोमोनास एरुजिनोजा, स्टेनोट्रोफोमोनास, क्षयेतर मायकोबॅक्टेरिया ही मंडळी मूळची माती, ओढे व तळी यांची रहिवासी. शुद्धीकरणातून त्यांतील थोडी निसटतात आणि नळांच्या आत घर करतात. कोलिफॉर्मची परीक्षा त्यांच्याविषयी मूक असते. त्यामुळे पाणी पिण्यास योग्य असल्याचा दाखला आणि त्याच पाण्यामुळे झालेला रुग्णाचा मृत्यू, या दोन गोष्टी एकाच इमारतीत एकाच दिवशी खऱ्या असू शकतात.

या प्रकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते एका हॉटेलातील घटनेमुळे. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर फुप्फुसदाहाची जी साथ उद्भवली तीत एकंदर २२१ जण आजारी पडून ३४ दगावले. कित्येक महिने कारण सापडेना, कारण नेहमीच्या पोषकद्रव्यांवर काहीच वाढत नव्हते. अखेर जानेवारी १९७७ मध्ये जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी नवा जीवाणू ओळखल्याचे जाहीर झाले. त्यास सिस्टीन व लोह यांचा पुरवठा लागतो, आणि आज कोळशाची पूड घातलेल्या खास माध्यमावर त्याची वाढ करतात. पुढे जपून ठेवलेले जुने रक्तद्रव तपासता असे दिसून आले की, १९६५ मध्ये वॉशिंग्टनमधील सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात झालेली फुप्फुसदाहाची साथही याच जीवाणूची होती. अर्थात तो नवा नव्हता, आपणांस तो दिसत नव्हता इतकेच. रुग्णालयाच्या नळाशी त्याचा संबंध १९८० मध्ये स्पष्ट झाला. ऑक्सफर्ड येथे मूत्रपिंडरोपण झालेल्या रुग्णांस हा रोग जडला व त्यांच्या विभागातील शॉवरमधून तोच जीवाणू मिळाला.

त्याच वर्षी लीड्सच्या टिमथी रोबॉथम यांनी प्रसिद्ध केलेले निरीक्षण प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्व विषयाची किल्ली आहे. लीजिओनेला हा पाण्यातील अमीबांच्या पेशींत शिरून तेथे वाढतो, असे त्यांनी दाखविले. अमीबा जीवाणूंना खातो. हा जीवाणू मात्र गिळला गेल्यावर पचत नाही, उलट आतच शेकड्यांनी वाढून अमीबास फोडून बाहेर पडतो. मनुष्याच्या फुप्फुसातील भक्षकपेशी अमीबासारखीच वागते, म्हणून तेथेही तो तीच विद्या वापरतो. म्हणजे माणसाचा रोग हा या जीवाणूच्या दृष्टीने जवळजवळ अपघात होय. प्रतिबंधाच्या दृष्टीने यातील मुख्य गोष्ट अशी की, अमीबा प्रतिकूल काळात कवच धारण करतो आणि त्या कवचाच्या आत दडलेल्या जीवाणूपर्यंत नेहमीच्या मात्रेतील क्लोरीन पोहोचत नाही.

दुसरा आसरा जैवपटलाचा. नळाच्या आतील पृष्ठभागावर, विशेषतः रबर आणि काही जातींच्या प्लास्टिकवर, जीवाणूंचा एक बुळबुळीत थर बसतो. हे जीवाणू स्वतःभोवती पिष्टमय चिकट द्रव्य स्रवतात व त्याच्या आश्रयाने राहतात. वाहत्या पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूस मारणारी क्लोरीनची मात्रा या थरात पुरती शिरत नाही. यामुळे एकदा भरपूर क्लोरीन सोडून नळ ‘स्वच्छ’ केले, तरी काही आठवड्यांत गणती पूर्वपदावर येते. नळ ही निर्जीव नळी आहे असे समजून योजलेले उपाय पुन्हापुन्हा फसतात. ती एक वस्ती आहे हे धरून चालले पाहिजे, आणि वस्तीला जे लागते ते, म्हणजे ऊब, स्थिर पाणी, थोडे अन्न व चिकटण्यास जागा, तिला मिळू न देणे हेच प्रतिबंधाचे काम.

रुग्णालयाची इमारत या चारही गोष्टी उदारपणे पुरविते. तिचे नळ मैलोगणती लांब असतात. एखादा कक्ष दुरुस्तीसाठी महिनोन् महिने बंद राहतो, जुने स्नानगृह काढून तेथे कपाट केले जाते. परंतु भिंतीतील नळ तसाच राहतो आणि त्या पुढे कोठेही न जाणाऱ्या शाखेत पाणी साचून राहते. शेजारून वाहणारे पाणी त्यातील जंतू थोडेथोडे घेऊन जाते. त्यात भर अशी की, या वस्तीच्या समोर जी माणसे आणून निजविली जातात त्यांची प्रतिकारशक्ती उपचारानेच खालावलेली असते. रोपणासाठी दिलेली औषधे, कर्करोगावरील रसायने, श्वासनलिकेत घातलेली नळी, अकाली जन्मलेल्या मुलाची कोवळी त्वचा, यांपैकी प्रत्येक गोष्ट जंतूला एकेक दार उघडून देते. घरच्या नळावर ज्याने कोणालाही काही झाले नसते, ते पाणी येथे प्राण घेऊ शकते.

प्रतिबंधाचे सर्वांत जुने व आजही सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे तापमान. लीजिओनेला साधारणतः २० ते ४५ अंश सेंटिग्रेड या पट्ट्यात वाढतो. ५० अंशांस त्याचे ९० टक्के जीवाणू मरावयास दीड-दोन तास लागतात, ६० अंशांस सुमारे २ मिनिटे पुरतात. यावरून ब्रिटनमधील नियम ठरला: थंड पाणी २० अंशांखाली ठेवावे, उष्ण पाणी ६० अंशांस साठवावे, आणि रुग्णालयातील तोटीशी ते मिनिटभरात निदान ५५ अंश असावे. परंतु ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत कातडी खोलवर भाजते. वृद्ध, अपंग वा संवेदना गेलेला रुग्ण तितक्या वेळात हात मागे घेऊ शकत नाही. म्हणून तोटीच्या अलीकडे उष्ण व थंड पाणी मिसळणारी झडप बसवितात आणि पाणी ४१ ते ४४ अंशांवर आणतात. येथे भाजण्याचे भय टळते, मात्र झडपेपासून तोटीपर्यंतच्या वीतभर नळीत जंतूला नेमके आवडते तापमान निर्माण होते. दोन्ही भये खरी आहेत. त्यांतून पूर्ण सुटका नाही. ही नळी शक्य तितकी आखूड ठेवणे, झडपेची नियमित निगा राखणे, आणि ज्या तोटीशी रुग्णास भाजण्याचा संभवच नाही तेथे ती मुळी न बसविणे, एवढेच हाती राहते. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी असून सर्वांत क्वचित केली जाते.

रासायनिक उपायांचा येथे विस्तार करीत नाही. क्लोरीन, क्लोरीन डायऑक्साइड, मोनोक्लोरामाइन, तसेच तांबे व चांदी यांचे आयन, या प्रत्येकाचे पुरस्कर्ते आहेत व प्रत्येकाने कोठे ना कोठे यश दिले आहे. पिट्सबर्ग येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात मात्र तांबे-चांदीच्या आयनांची यंत्रणा चालू असतानाच २०११ व २०१२ या वर्षांत लीजिओनेलाचे रुग्ण आढळले व काहींचा मृत्यू झाला. यंत्रणा बसविली की प्रश्न मिटला, ही समजूत रसायनापेक्षा अधिक घातक ठरते.

लीजिओनेलाकडे सर्वांचे लक्ष लागले असता स्यूडोमोनास दुसऱ्याच जागी वाढत होता. डिसेंबर २०११ ते जानेवारी २०१२ या काळात उत्तर आयर्लंडमधील नवजात अतिदक्षता विभागांत या जीवाणूच्या संसर्गाने चार अर्भके दगावली; एक ऑल्टनागेल्विन येथे व तीन बेलफास्टच्या रॉयल ज्युबिली प्रसूतिगृहात. मुख्य जलवाहिनी अथवा टाकी यांत दोष आढळला नाही. दोष होता तो तोटीच्या अखेरच्या काही सेंटिमीटरांत. तोट्या काढून, कापून पाहता पाण्याची धार सरळ पडावी म्हणून तोंडाशी बसविलेल्या प्लास्टिकच्या लहानशा जाळीत जैवपटल दाट वाढलेले दिसले. हात न लावता चालणाऱ्या, आत अनेक कप्पे व झडपा असलेल्या आधुनिक तोट्या स्वच्छतेसाठीच आणल्या गेल्या होत्या. जेवढे सुटे भाग अधिक, तेवढी जंतूला चिकटण्यास जागा अधिक, हे त्या खरेदीच्या वेळी कोणी विचारात घेतले नसावे.

आरंभी सांगितलेल्या नमुन्याच्या रीतीचे महत्त्व येथे कळते. तोटी तापवून व पाणी सोडून देऊन घेतलेल्या नमुन्यात या जाळीतील जंतू दिसलेच नसते. म्हणून आता अशा विभागांत पहिल्या धारेचा नमुना घेतात आणि तो दूषित निघाल्यास पाणी वाहू देऊन दुसरा घेतात. पहिल्यात जंतू पुष्कळ व दुसऱ्यात नगण्य असले, तर दोष तोटीत किंवा तिच्या लगत आहे. दोन्ही सारखेच दूषित असले, तर दोष मागे, नळांच्या जाळ्यात आहे. दोन बाटल्यांची ही युक्ती हजारो रुपयांच्या उपकरणापेक्षा अधिक सांगून जाते.

यापुढील पाऊल अधिक चमत्कारिक आहे, कारण ते तोटीकडून मोरीकडे जाते. टोरांटो जनरल रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डिसेंबर २००४ पासून मार्च २००६ पर्यंत अनेक औषधांना न जुमानणाऱ्या स्यूडोमोनासने ३६ रुग्णांस ग्रासले. नळाचे पाणी निर्दोष होते. जंतू होता हात धुण्याच्या बेसिनच्या निचऱ्याच्या भोकात. बेसिन उथळ, तोटीची मान उंच व धार थेट भोकावर पडणारी. संशोधकांनी निचऱ्यात चमकणारे द्रव्य घालून नळ सोडला, तेव्हा त्याचे तुषार एक मीटरपर्यंत, म्हणजे रुग्णाची खाट व औषधे तयार करण्याची जागा येथवर, उडालेले दिसले. बेसिनची रचना बदलल्यावर साथ थांबली. २०१७ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी प्रयोगशाळेत बेसिनांची रांग उभारून याची यंत्रणा उलगडली. निचऱ्याखालील वाकलेल्या नळीत सोडलेले हिरवे चमकणारे ई. कोलाय पोषकद्रव्य मिळताच नळीच्या भिंतीवरून दिवसाला सुमारे अडीच सेंटिमीटर या गतीने वर चढले आणि आठवड्याभरात जाळीपर्यंत पोहोचले. जाळीवर आल्यानंतरच त्यांचे तुषार उडू लागले. पोषकद्रव्य म्हणजे काय, तर उरलेला चहा, फळांचा रस, शिरेतून द्यावयाचे शर्करेचे द्रावण, यांपैकी जे जे बेसिनमध्ये ओतले जाते ते. हात धुण्याचे बेसिन हात धुण्यासाठीच वापरावे, या साध्या नियमामागे एवढे शास्त्र आहे.

सेमेलवाइसपासून आपण शिकत आलो की, बेसिन जितके जवळ तितके हात अधिक धुतले जातात. नेदरलंड्समधील नायमेखन येथील विद्यापीठ-रुग्णालयाने याच्या उलट दिशेस जाण्याचे धैर्य दाखविले. तेथील अतिदक्षता विभागाच्या रुग्णकक्षांतून बेसिने काढून टाकली. हातांसाठी मद्यार्कयुक्त द्रव, अंग पुसण्यासाठी ओलसर पुसणी आणि पिण्यासाठी व औषधांसाठी बाटलीतील पाणी वापरले. ग्रॅम-ऋण जीवाणूंचे प्रमाण घटले, आणि जे रुग्ण सर्वांत अधिक दिवस राहिले त्यांच्यात ते सर्वांत अधिक घटले. हा प्रयोग सर्वत्र जसाच्या तसा उचलावा असे सुचविण्याचा हेतू नाही. मद्यार्कयुक्त द्रवाचा पुरवठा जेथे अनियमित आहे तेथे बेसिन काढणे हा अनर्थ होईल.

कधीकधी पाणी रुग्णास शिवतही नाही आणि तरी घात करते. हृदयशस्त्रक्रियेच्या वेळी रक्ताचे तापमान राखणाऱ्या यंत्रात पाण्याची टाकी असते. ते पाणी बंदिस्त म्हणून निरुपद्रवी मानले गेले होते. झुरिक येथील तपासानंतर असे निष्पन्न झाले की, त्या टाकीतील मायकोबॅक्टेरियम किमेरा यंत्राच्या पंख्याबरोबर सूक्ष्म तुषारांतून वर जाऊन उघड्या छातीत पडतो, व रोग कित्येक वर्षांनी प्रकट होतो.

आता प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. पाण्याची टाकी अभियंत्याकडे, तोटी खरेदी-विभागाकडे, नमुना प्रयोगशाळेकडे, रुग्ण वैद्याकडे व बेसिन सफाई-कामगाराकडे, अशी वाटणी असल्यावर जंतू सर्वांच्या मधून सुखाने जातो. ग्लासगो येथील क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ-रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी जलव्यवस्थेतील धोक्यांचा एक अहवाल तयार झाला होता, तथापि त्यातील सूचनांकडे २०१८ पर्यंत लक्ष गेले नाही. त्या वर्षी बालकांच्या कर्करोग-विभागाच्या पाण्यात नाना जातींचे जीवाणू आढळले, मुलांस अन्यत्र हलवावे लागले, आणि पुढे सार्वजनिक चौकशी नेमली गेली. इमारत नवी होती, अहवालही होता. तो वाचून त्यावर कृती करणारी अधिकारी व्यक्ती ठरलेली नव्हती. आज ब्रिटनमध्ये रुग्णालयात अभियंता, सूक्ष्मजीवतज्ज्ञ, परिचर्या व प्रशासन यांची संयुक्त जलसुरक्षा-समिती असावी असा दंडक आहे. अमेरिकेतही २०१७ पासून रुग्णालयांस जलव्यवस्थापनाचा लेखी कार्यक्रम ठेवावा लागतो. अशा समितीचे पहिले काम म्हणजे इमारतीतील नळांचा खरा नकाशा तयार करणे. तो बहुतेक ठिकाणी नसतो, आणि असतो तो इमारत बांधली गेली तेव्हाचा.

महाराष्ट्रातील रुग्णालयांस वरील नियम लावताना तापमानाचा मुद्दा आडवा येतो. थंड पाणी २० अंशांखाली ठेवावे हा नियम लंडनच्या हवेतला आहे. विदर्भात मे महिन्यात गच्चीवरील काळ्या टाकीचे ‘थंड’ पाणी हातास कोमट लागते, म्हणजे ते वाढीच्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते. उष्णतेने क्लोरीनही लवकर उडून जातो. पुरवठा ठरावीक वेळीच होत असल्याने भुईतली टाकी, पंप व गच्चीवरची टाकी ही साखळी टाळता येत नाही, आणि पाणी कमी पडेल या भीतीने टाक्या गरजेपेक्षा मोठ्या बांधल्या जातात. मग पाण्याचे वय वाढते. तेव्हा आपल्याकडे भर द्यावयाचा तो टाकीवर सावली व झाकण असण्यावर, दिवसाच्या खपाशी तिचे माप जुळविण्यावर, आणि क्लोरीन टाकीत घातला की संपले असे न मानता तो सर्वांत दूरच्या तोटीशी मोजण्यावर. सौर बंबांतील पाणी पावसाळ्यात दिवसेंदिवस ४० अंशांच्या आसपास घुटमळते. त्यास विजेची जोड देऊन ते ठरावीक वेळी ६० अंशांपर्यंत नेणे अवश्य आहे. एका गोष्टीत मात्र आपली रीत बरी आहे. प्रत्येक स्नानगृहात वेगळा छोटा गिझर असल्याने उष्ण पाण्याच्या लांबच लांब वाहिन्या आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नाहीत, आणि ही सोय नव्या इमारती बांधताना केवळ आधुनिकतेच्या हौसेने घालवू नये.

आपल्याकडे हा रोग फारसा नाही, असे अनेक वैद्य सांगतात. लीजिओनेला नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही, पेनिसिलीनच्या कुळातील औषधांनी बरा होत नाही, आणि मूत्रातील प्रतिजन ओळखणारी प्रचलित परीक्षा त्याचा मुख्यत्वे एकच उपप्रकार पकडते. तीही फुप्फुसदाहाच्या किती रुग्णांत केली जाते, हे ज्याने त्याने आपल्या रुग्णालयाच्या नोंदवहीत पाहावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात काम करावयाचे असेल, तर त्यास प्रथम महागडी सामग्री नको. एक तापमापक, क्लोरीन मोजण्याचा साधा संच आणि निर्जंतुक बाटल्या घेऊन त्याने एका रुग्णालयाच्या शंभर तोट्यांशी, वर्षाच्या तिन्ही ऋतूंत, पहिल्या धारेचे व वाहत्या पाण्याचे तापमान आणि क्लोरीन मोजावे, दोन्ही नमुने लीजिओनेला व स्यूडोमोनास यांच्या माध्यमांवर घालावेत, आणि प्रत्येक तोटी त्या आठवड्यात किती वेळा उघडली गेली हे तेथील परिचारिकांस विचारून लिहून ठेवावे.